नऊ पाहुणे

मागच्या रविवारी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, एका मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि तो काही केल्या डोक्यातून जात नाहीये. आमच्या चर्चमधून एक टीम नेपाळला जायची आहे, जाजरकोटला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे भूकंप झाला, रात्रीच्या वेळी, लोक झोपेत असताना, दीडशेवर माणसं गेली. तर मी मुलांना नकाशा उघडून दाखवत होते, हे नगर, हे गोरखपूर, ही बॉर्डर, हे जाजरकोट, आणि पाळकसाहेबांनी आधीच मुलांना सांगून ठेवलेलं की तुमच्या टीचरसुद्धा नेपाळला सेवेला जाऊन आल्यात, २०१५ च्या मोठ्या भूकंपानंतर. ती मुलगी चौथीत असेल, कायम बाकाच्या टोकाला बसते, फार बोलत नाही. तिने हात वर केला आणि म्हणाली, "टीचर, तुम्ही तिकडे किती घरं बांधली?" मी म्हटलं, "एक." म्हणजे विचार न करताच तोंडातून निघून गेलं. तिने वहीत लिहून घेतलं, १ घर, आणि खाली स्केलने रेघ मारली.

ते घर आम्ही बांधलेलं नव्हतं.

आम्ही नऊ जण होतो. पाच बायका, चार पुरुष, सगळ्यात लहान एकोणीस वर्षांचा आणि सगळ्यात मोठे आमचे एक रिटायर्ड शिक्षक. नोव्हेंबर २०१५, दिवाळी होऊन दोन आठवडे झालेले. माणशी साडेनऊ हजार खर्च येणार होता, त्यातला निम्मा आम्ही भरला आणि निम्मा भगिनी मंडळाने चकल्या-करंज्यांची ऑर्डर घेऊन उभा केला, पंधरा दिवस त्या बायका रात्री अकरा-अकरापर्यंत चर्चच्या हॉलमध्ये तळण तळत होत्या, मला आजही तो तेलाचा वास आठवतो. निघायच्या रविवारी आम्हाला पुढे बोलावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मनमाडहून काशी एक्सप्रेस, गोरखपूर, तिथून जीपने सोनौली. बॉर्डर चालत ओलांडायची, व्हिसा नाही की काही नाही, एका कमानीखालून गेलं की झाला दुसरा देश. आणि पाट्या वाचता येतात! परदेशात आलोय आणि सगळ्या पाट्या देवनागरीत, याचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी लहान पोरीसारखी दुकानांची नावं मोठ्याने वाचत सुटले. फक्त साल वेगळं होतं, सगळीकडे २०७२ लिहिलेलं.

पण त्या कमानीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागलेली, आम्ही जीपमधून ती बघत बघतच आलो होतो. ते दिवस कोणते होते हे घरून निघताना आम्ही पेपरात वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, तिथल्या मधेशी लोकांचं आंदोलन पेटलं आणि भारतातून जाणारा माल अडकला. आपलं सरकार म्हणत होतं की आम्ही नाकेबंदी केलेली नाही, नेपाळात मात्र हे मानणारा माणूस आम्हाला एकही भेटला नाही. पेट्रोल नाही, डिझेल नाही, स्वयंपाकाचा गॅस नाही. बसच्या टपावर माणसं, पेट्रोल काळ्या बाजारात पाण्याच्या बाटलीतून विकलं जात होतं. भैरहवाहून निघालेल्या बसमध्ये माझ्या शेजारी एक गृहस्थ बसलेले, साठीचे, डोक्यावर ढाका टोपी. कुठून आलात विचारलं, मी सांगितलं महाराष्ट्र, भूकंपवाल्या गावात मदत करायला चाललोय. ते थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "इन्डियाले ग्याँस दिँदैन, तपाईंहरू के दिन आउनुभएको?" इंडिया गॅस देत नाही, तुम्ही काय द्यायला आलात. रागाने नाही म्हणाले. नंतर पिशवीतून संत्रं काढून त्यांनी मला अर्धं दिलं. मी ते खाल्लं. काय उत्तर द्यायचं ते तेव्हाही सुचलं नाही.

भूकंप हा शब्द माझ्या मनात किल्लारीचाच आहे. १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र, पहाटे चारच्या आसपास. मी नऊ वर्षांची होते. आमच्याकडेही भांडी वाजली असं आई म्हणते, मला आठवत नाही. मला आठवतं ते हे की तिसऱ्या दिवशी पप्पा चर्चच्या तरुणांबरोबर टेम्पोत बसून गेले, घोंगड्या आणि भाकऱ्या घेऊन, आणि सहा दिवसांनी आले तेव्हा त्यांनी अंगणातच कपडे काढून बादलीत टाकले आणि कितीतरी वेळ डोक्यावर पाणी ओतत बसले. घरात कुणाला काही बोलले नाहीत. पुढे मी कॉलेजला असताना कधीतरी म्हणाले की रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, लोकांनी पाठवलेले, आणि ज्यांच्यासाठी पाठवले ती माणसं त्या ढिगाकडे बघतसुद्धा नव्हती. एवढंच. मी नेपाळहून फोटो आणले तेव्हा त्यांनी चष्मा लावून एकेक बघितला, एका फोटोवर थांबले, पडलेल्या भिंतीचा होता, दगड आणि मध्ये माती, सिमेंटचा पत्ता नाही. म्हणाले, "हे तर किल्लारीच आहे गं." तशाच जाड भिंती, थंडीत ऊब देणाऱ्या, आणि हलल्या की अख्ख्या अंगावर येणाऱ्या.

गाव धादिङ जिल्ह्यात होतं, हायवेवरच्या मलेखूपासून आत, आणि जीपचा रस्ता संपल्यावर पुढे दोन तास चढ. तामाङ लोकांची वस्ती. एप्रिलमधल्या त्या दिवसाला तिथे सगळे 'बाह्र बैशाख' म्हणतात, त्यांच्या पंचांगातली तारीख, जसं आपल्याकडे नुसतं 'किल्लारी' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. भूकंपाला ते बोलताना 'भुइँचालो' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला, कारण मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही, भुई आणि चालणं. भुई चालली.

काम होतं पत्र्याचं निवारा-घर उभं करायचं. बांबूचा सांगाडा त्यांनी आधीच करून ठेवला होता, पन्हळी पत्रे रस्त्यावरून वर न्यायचे आणि ठोकायचे. पहिल्याच दिवशी आमच्यातले दोन तगडे पुरुष मिळून तीन पत्रे उचलून निघाले आणि अर्ध्या वाटेत बसले, तळहात कडांनी कापलेले. त्यांच्या बाजूने एक सोळा वर्षांचा मुलगा आख्खं बंडल पाठीवर घेऊन, कपाळावर नाम्लो, म्हणजे तो वाखाचा पट्टा, ताणून, एकही शब्द न बोलता वर निघून गेला. मी पाणी घेऊन चालले होते. बाजूला होऊन त्याला वाट दिली, त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या उभ्या होत्या, आणि तो श्वास सोडताना तोंडाने हलकी शीळ घालायचा, ती शीळ वरच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिली. मग आम्हाला ठोकायचं काम दिलं. ते आम्ही मनापासून केलं, दोन दिवस, उन्हात, गाणी म्हणत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्धं छप्पर झालं होतं आणि आम्ही त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढला. तोच फोटो नंतर चर्चच्या नोटीस बोर्डावर लागला, अजून असेल.

त्या रात्री मला झोप लागेना, थंडी होती. आम्ही बायका ताडपत्रीच्या तंबूत होतो. मध्यरात्र उलटली असेल, ठोकल्याचा आवाज आला, पण दबका, जसं काही कापडात गुंडाळून ठोकतंय. फटीतून बघितलं तर आमच्या घरमालकीण दिदींचा दीर छपरावर बसलेला, तोंडात टॉर्च धरून. तो आमचे खिळे काढत होता. एकेक खिळा उपटायचा, ट्यूबचा छोटा तुकडा डांबरात बुडवून भोकावर बसवायचा आणि बाजूच्या उंचवट्यावर नवीन खिळा मारायचा, हातोडीवर फडकं बांधून. मला आधी कळेना, मग कळलं. पन्हळी पत्र्यावर खिळा उंचवट्यावर मारायचा असतो, म्हणजे पावसाचं पाणी बाजूच्या खोलगट पन्हळीतून वाहून जातं. आम्ही सगळे खिळे खोलगट भागात मारले होते, तिथे पत्रा लाकडाला नीट टेकतो ना, ठोकायला सोपं जातं. पहिल्या पावसात प्रत्येक खिळ्यातून धार लागली असती. पप्पांना विचारलं असतं तर त्यांनी फोनवर सांगितलं असतं.

सकाळी तो नेहमीसारखा "जय मसीह" म्हणाला, आम्ही "सलाम" म्हणालो, त्याला आमचं सलाम आवडायचं. आणि उरलेले पत्रे ठोकायला घेतले तर प्रत्येक पत्र्यावर, नेमका उंचवट्यावर, कोळशाने काढलेला एकेक काळा ठिपका. कुणी काही बोललं नाही. आम्ही ठिपक्यांवर खिळे मारले. आमच्यातल्या बाकीच्यांना ते ठिपके अंतर मोजण्यासाठी वाटले, आणि मी तिथे असेपर्यंत कुणालाच सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तो रात्रीचा जागला होता ते आम्हाला कळू नये म्हणूनच ना.

आता जेवणाचं. खरं तर मला त्याबद्दलच लिहायचं होतं.

दिदी माझ्याच वयाच्या, तिशीतल्या, नवरा कतारला. सासू बाह्र बैशाखला गेलेली. रोज दोन वेळा आम्हा नऊ जणांना त्या भात, डाळ, गुन्द्रुक आणि बटाट्याची भाजी वाढायच्या, चुलीवर केलेलं, गॅस तर नव्हताच. गुन्द्रुक म्हणजे पाल्याची आंबवून वाळवलेली भाजी, पहिल्या घासाला आंबट वास नाकात जातो आणि तिसऱ्या घासाला तोच हवासा वाटतो. तिथे जेवताना वाढणारीने पातेलं घेऊन उभंच राहायचं, "भात थपौँ?" अजून घालू का, असं विचारत, आणि आपण "पुग्यो" म्हणेपर्यंत वाढत राहायचं. पुग्यो म्हणजे पुरे. भूक मरणाची लागायची, तो चढ, ती हवा, आणि आमच्यातला एकोणीस वर्षांचा तर तिसऱ्यांदा घेतल्यावरच पुग्यो म्हणायचा. तिसऱ्या रात्री प्रत्येकाच्या ताटात एक उकडलेलं अंडं होतं. नऊ अंडी. मी उठून मदत करायला गेले तर दिदींनी माझ्या हातातून पातेलं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तपाईं त पाहुना।" तुम्ही तर पाहुणे. तोच शब्द, आपलाच, इतक्या लांब.

चौथ्या सकाळी मी लवकर उठले आणि त्यांच्या चुलीकडे गेले. दिदींची मुलगी, सहा-सात वर्षांची, एका थाळीत ढिडो खात होती. कोदोचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट केलेला गोळा, कोदो म्हणजे आपली नाचणी. सोबत मीठ आणि वाटलेली मिरची, बस. ती बोटाने एक तुकडा मोडायची, मिरचीला टेकवायची आणि न चावता गिळायची, पुन्हा पुन्हा, अगदी एकाग्रपणे. मला वाटलं नाश्ता असेल. मग दिदी आल्या, त्यांनीही तेच घेतलं, आणि माझ्या लक्षात आलं की चार दिवसांत मी त्या दोघींना भात खाताना बघितलंच नाहीये. चुलीमागे एक रिकामं पोतं घडी घालून ठेवलेलं, दुसरं अर्धं भरलेलं. पांढरं प्लॅस्टिकचं पोतं, त्यावर निळ्या अक्षरात छापलेलं, बिक्रीको लागि होइन. विक्रीसाठी नाही. देवनागरी वाचता येते याचा आनंद झाला होता ना मला.

तो मदतीचा तांदूळ होता. भूकंपात घर गेलेल्यांना वाटलेला. तो आम्ही खात होतो, नऊ जण, दोन वेळा, पुग्यो म्हणेपर्यंत.

इथे मला माझ्या पणजीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर मला तिथे काय झालं ते कळायचं नाही. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात ती पोरकी झाली आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढली, नगरच्या आसपास अशी पुष्कळ पोरं होती, आमच्यातल्या निम्म्या घरांची सुरुवात तिथूनच होते. तिला स्वतःचं गाव आठवायचं नाही, आईच्या हातातली हिरवी बांगडी तेवढी आठवायची. ती पुढे शिकली, मास्तरीण झाली, टिळकांची भजनं तिला तोंडपाठ होती, नारायण वामन टिळक नगरला असताना त्यांना तिने डोळ्यांनी बघितलेलं. आणि तिची पणती मी, शाळेत भांडण झालं की ऐकायचे, "भाकरीसाठी बाटलेले तुम्ही." त्या एका वाक्याने मला लहानपणी जेवढं रडवलं तेवढं कशानेच नाही. त्यामुळे नेपाळला निघताना आमच्या लीडरने सांगितलं की पत्रकं न्यायची नाहीत, मदत देताना प्रार्थनेची सक्ती नाही, तिथल्या नव्या राज्यघटनेत दुसऱ्याचा धर्म बदलायला बंदी आहे आणि भूकंपग्रस्तांच्या असहायतेचा फायदा घेतात असा संशय आधीच आहे, तेव्हा सगळ्यात जोरात मान मी हलवली होती. मला वाटलं होतं अन्न आणि उपकार यातलं सगळं मला माहीत आहे, माझ्या घरातच आहे ते. देणाऱ्याने कसं द्यावं याचा मी पुष्कळ विचार केला होता. घेणारी मीच असेन हे मनात नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी "पुग्यो" पहिल्याच वाढपाला म्हणाले. दिदींचा चेहरा पडला. त्यांना वाटलं मला बरं नाही, किंवा जेवण आवडलं नाही. त्या आत गेल्या आणि कुठूनतरी चमचाभर तूप आणून त्यांनी माझ्या भातावर घातलं. मग मी सगळं खाल्लं. दुसऱ्यांदा पण घेतलं. अजूनही मला ठरवता येत नाही की तेव्हा काय करायला हवं होतं.

शनिवारी उपासना. नेपाळात सुट्टी शनिवारची, म्हणून चर्च शनिवारी भरतं, आणि बाह्र बैशाखही शनिवारच होता, बाराला चार मिनिटं कमी. त्या वेळी देशभर कितीतरी चर्चमध्ये माणसं उपासनेला बसलेली होती. या गावातही. मागची भिंत आत आली, दिदींची सासू मागच्या रांगेत होती कारण तिला खोकला असायचा आणि तिला मध्येच उठून बाहेर जावं लागायचं. आता चर्च म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री, खाली गवत, सगळे चपला काढून मांडी घालून. एक म्हातारे बाजे, म्हणजे आजोबा, आमच्या शेजारी बसलेले, त्यांच्याबद्दल आम्हाला नंतर कळलं की २०४६ सालच्या, म्हणजे आपल्या १९९० च्या, आंदोलनाआधी ख्रिस्ती झाले म्हणून ते तुरुंगात राहून आलेत. आम्हाला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, सांगितलं. आमच्या लीडरने दिली, चांगली दिली. बाज्यांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली आणि गाणं सुरू केलं, मादल, म्हणजे त्यांचा ढोलक, वाजायला लागला, आणि बायका डोळे मिटून गायला लागल्या. दिदी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. जिथे भिंत होती तिथे.

परत येताना ट्रेनमध्ये मी वहीच्या मागे हिशोब केला. नऊ जणांचे पंच्याऐंशी हजार पाचशे. आपल्या शंभराचे तिथे एकशे साठ, म्हणजे एक लाख छत्तीस हजारांवर नेपाळी रुपये. तिथलं सरकार तात्पुरत्या निवाऱ्यासाठी कुटुंबाला पंधरा हजार देत होतं. म्हणजे आमच्या जाण्या-येण्याच्या पैशात नऊ कुटुंबं. माणशी एक. हा आकडा मी चर्चमध्ये कुणाला दाखवला नाही, भगिनी मंडळातल्या त्या बायकांचे तळून भाजलेले हात मी बघितले होते. पुढच्या ख्रिसमसला मात्र आम्ही पैसेच पाठवले, जाणं नाही, पत्र्यांसाठी, आणि पाठवल्यावर दिदींच्या दिराचा फोन आला. पैसे मिळाले म्हणाला, मोडक्या हिंदीत. मग विचारलं, तुम्ही लोक का नाही आलात, आमच्याकडून काही चुकलं का. मी म्हटलं नाही हो, सुट्टी नव्हती. तो म्हणाला, गावाकडे वरून रस्ता दिसतो, दिदी बघत होती.

काल मी त्या मुलीला वर्गाबाहेर गाठलं आणि सांगितलं की मी चुकीचं उत्तर दिलं होतं, आम्ही अर्धंच घर बांधलं, तेही ठिपके बघून. तिने वही काढली. १ खोडून अर्धा लिहिला आणि विचारलं, "मग बाकीचं कुणी?" मी दिराची गोष्ट सांगितली, टॉर्चची, हातोडीवरच्या फडक्याची, आणि तिने ती सगळी उभ्यानेच, भिंतीला वही लावून, लिहून घेतली.

जाजरकोटच्या टीमसाठी सामानाची यादी करायचं काम पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिलंय. गुरुवारी मीटिंग आहे. टॉर्च, ताडपत्री, हातमोजे जाड, खिळे वायसरसकट, आणि पुढे कंसात मी लिहिलंय, उंचवट्यावर मारायचे. त्याखाली तांदूळ लिहिलं. दहा दिवस, आठ माणसं, दोन वेळा, चाळीस किलो तरी लागतील, आणि पोहोचल्या पोहोचल्या पोतं त्यांच्या चुलीपाशी नेऊन ठेवायचं. लिहिलं आणि दिदी डोळ्यापुढे आल्या, हातात पातेलं, पाहुण्यांनी स्वतःचा तांदूळ बरोबर आणलाय हे बघताना त्यांचं काय झालं असतं. मी ते खोडलं. मग ती मुलगी आठवली, मीठ-मिरचीला बोट टेकवणारी. पुन्हा लिहिलं. यादीचा कागद त्या जागी आता इतका घासलाय की पलीकडचं दिसतंय, आणि तांदळापुढचा आकडा अजून मी भरलेला नाही.